रिकामी बाकं

दर तिसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
आम्ही परतवाड्याला जमतो, देवळामागच्या खोलीत.
पाय मारून ऑर्गन वाजवणारे अकराजण.
त्यातले दोघे गुडघ्यांमुळे आता फक्त चहाला येतात.

मी एसटीत कंडक्टर. रविवार मोकळा हवा
म्हणून आगारातल्या सगळ्यांची बारशी, तेरव्या
मी माझ्या ड्युटीवर घेतलेल्या असतात.

आधी दुरुस्ती.
एलियाकाका वाकोडे फडक्यावर पितळी सूर मांडतात,
आईनं जपलेले दुधाचे दात मांडावेत तसे.
"कापूस," म्हणतात. दरवर्षी कापूसच निघतो.
जिनिंगवरून तंतू उडत येतो,
गंधाराच्या जिभेवर बसतो,
आणि अख्खी मंडळी त्या एका अक्षराशी अडखळते,
इतकी वर्षं, की आता तंतू काढला
तरी लोक तिथं थांबतातच.

भात्याला कातडं मिळत नाही.
सायकलची ट्यूब चालते, पण मे महिन्यात ती सैल पडते
आणि प्रार्थनेच्या ऐन मधे सुस्कारा सोडते.
पाळकसाहेब म्हणाले, राहू द्या,
कोणीतरी मनापासून उसासतंय.

मग सालोमीबाईंच्या वडलांची वही.
डाव्या पानावर सरकीचे भाव,
उजव्या पानावर ईस्टरच्या चाली.
आम्ही दोन्ही पानं उतरवून घेतो.
कशाच्या आधारानं त्यांनी ताल धरला असेल,
कोण सांगावं.

शेवटी प्रफुल्लता उभी राहून यादी वाचते:
कुठलं बाक रिकामं.
एका गावचा वाजवणारा पुण्याला लेकाकडे गेला.
नाताळात तीन उपासना, भाडं देतील, जेवण देतील.
दुसरीकडे कीबोर्ड घेतलाय, पण रविवारी वीज जाते,
आणि वीज गेली की त्यांना आमचे पाय आठवतात.
मयताला बोलावलं तर पैसे घ्यायचे नाहीत,
आमच्या घटनेत एवढंच एक कलम.

हात कोणी वर करत नाही.
संत्र्याच्या साली सोलत बसतात सगळे.

या खेपेला मागून शांतवन कासदेकर उठला,
सेमाडोहच्याही पलीकडून आलेला.
"आमचं गाव बी लिहा बाई."
"ऑर्गन वाजतो का तुमचा?"
"वाजत नाही. वाजवणारी आहे."

नऊ वर्षांची रिबिका.
भाता फाटलेल्या पेटीवर दोन वर्षं
रोज शाळेतून आली की बसते म्हणे.
फक्त पट्ट्यांची टकटक.
सूर कसा येतो ते तिला ठाऊकच नव्हतं.

तिला बाकावर बसवलं. पाय पुरेनात.
मी खाली जमिनीवर बसले,
पायटे दोन्ही हातांनी दाबले.
पहिला आवाज आला आणि तिनं बोटं उचलून घेतली,
तव्याला लागल्यासारखी.
खोलीत कोणी हललं नाही.
मी दाबत राहिले. नुसता वारा.
मग तिनं पुन्हा बोटं टेकवली.

चाल आमचीच. सगळ्यांच्या ओठांवर.
गंधाराशी आम्ही दहाजण सवयीनं थांबलो,
ती थांबली नाही.
तिच्या पेटीत कापूस कुठला, आवाजच नव्हता.
एलियाकाका चष्मा पुसायला लागले
आणि पुसतच राहिले.

प्रफुल्लतानं पेन्सिलनं लिहिलं:
भाता, वाकोडे, पुढच्या महिन्यात.
हात, रिबिका.
पायांपुढची जागा कोरी ठेवून
तिनं माझ्याकडे पाहिलं.

तिकडं एकच गाडी जाते, शनिवारची मुक्कामी.
सकाळी साडेनऊला परत सुटते.
उपासना साडेसातला ठेवा, मी शांतवनला म्हटलं,
आणि ड्रायव्हरसाठी चहा.
तो हो म्हणाला. मग म्हणाला,
"साडेसातला मंडळी उठत नाही."

बघू. भोंगा आहे गाडीला.